ऐकणाऱ्याचा रकाना

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास विजयसिंहांनी माझ्या दाराबाहेर चपला काढल्या, आत येऊन ते नेहमीच्या खुर्चीत बसले, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशाचा आकार बदलला आहे हे माझ्या लक्षात आले. याहून क्षुल्लक निरीक्षण संभवत नाही, हे मला मान्य आहे. परंतु वीस वर्षे त्या खिशात एकच वस्तू होती, आणि सदरे बदलत गेले तरी प्रत्येक सदऱ्याने काही महिन्यांत तिचा आकार घेतला होता: जाडसर, बुटका, खालच्या दोन कोपऱ्यांवर कापड झिजून पांढरट पडलेले. धुऊन इस्त्री होऊन आले तरी ते कोपरे तसेच राहत. त्या दिवशी सदरा जुनाच होता, जुने कोपरे रिकामे लोंबत होते, आणि खिशाच्या वर एक पातळ, उंच, काळी कड डोकावत होती. परिचित घराच्या दारावर परक्या नावाची पाटी दिसावी तसे मला झाले.

"काय बघायलाय एवढं, मॅडम?" विजयसिंह म्हणाले. "डबी बदलली. स्नेहलनं दिली. जुनी आता निवृत्त."

"निवृत्त तुम्ही झालात. डबी चालू होती."

"चालू कुठली? वायर लावल्याबिगर डोळं उघडत न्हवती. म्हातारी झालती ती बी."

डबी हे नाव त्यांचेच. आम्ही दोघे एकाच विभागात भाषाशास्त्र शिकवीत होतो, आणि २००५ साली भातशेतांच्या नावांचा आमचा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा आम्हाला तळहाताएवढे दोन संगणक मिळाले. काचेवर प्लॅस्टिकच्या काडीने लिहायचे. त्या काळी या भागात तशी वस्तू कुणी पाहिली नव्हती. बांधावरच्या बायका ती तपकिरीची डबी समजत, आणि विजयसिंहांनी ते नाव उचलले. काम साधे होते, म्हणजे अशक्य होते. सातबाऱ्यावर शेताला गट क्रमांक असतो आणि माणसांच्या तोंडी नाव असते. क्रमांक पुरुषांना पाठ, नावे बायकांना. शाहूवाडीपासून आजऱ्यापर्यंतच्या डोंगरउतारांवरील एकेका खाचराचे नाव गोळा करायचे, आणि ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या मरण्याच्या वेगापेक्षा आमचा वेग जास्त ठेवायचा. डबीला देवनागरी येत नव्हती. म्हणून मी रोमन अक्षरांची एक सांकेतिक लिपी तयार केली, ज्यात मोठा टी म्हणजे ट, लहान टी म्हणजे त, आणि ळ साठी एक आकडा. ती लिपी पृथ्वीतलावर दोनच माणसांना वाचता येत होती. बहुतेक विवाह याहून कमी सामग्रीवर उभे राहतात, हा विचार मला तेव्हा सुचला होता आणि मी तो विद्वत्तेला शोभेल अशा रीतीने दाबून टाकला होता.

प्रत्येक नोंदीत चार रकाने: शेताचे नाव, गाव, सांगणारा, ऐकणारा. चौथ्या रकान्यात विजयसिंह स्वतःचे आद्याक्षर न चुकता घालत. मी तो रिकामा सोडीत असे. संग्रहाची कल्पना माझी, लिपी माझी, रकाने माझे. अशा ठिकाणी जे कुणाचेच म्हणून नोंदलेले नाही ते माझे, हे सांगायला कशाला हवे? विजयसिंहांनी पहिल्याच महिन्यात हटकले होते. "मॅडम, भांड्यावर नाव घालून घ्या. पंगतीला दिलेली भांडी परत येताना नाव असलेलंच पातेलं घरी येतंय. बाकीची शेजारच्यांच्या मांडणीवर." आमच्या घरी भांड्यांवर नावे नव्हती. माझ्या आईला तो प्रकार अडाणीपणाचा वाटे. स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःचे नाव वाचायचे म्हणजे मालकीविषयी शंका असल्यासारखे, असे ती म्हणायची. मी आईचे वाक्य विजयसिंहांना ऐकवले. ते हसले आणि त्यांनी आपले आद्याक्षर घातले.

आणि दिवसाच्या शेवटी भेट. हा शब्दही त्यांचाच. दोघांनी स्वतंत्र गोळा केलेल्या नोंदी एकमेकांच्या डबीत जाव्यात म्हणून दोन्ही डब्या टेबलावर समोरासमोर, डोक्याला डोके लावून, वीतभर अंतरावर ठेवायच्या. त्यांच्या माथ्यावर लहानशी काळी खिडकी असे, आणि तिच्यातून निघणारा प्रकाश माणसाला दिसत नसे. मध्ये हात आला, चहाचा पेला आला, की नोंद अर्ध्यात तुटायची. म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत आम्ही हालचाल करीत नसू. आजऱ्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात, मलकापुरात एका शाळेच्या व्हरांड्यात, जीपच्या बॉनेटवर, आणि क्षेत्रकार्य संपल्यानंतर दर मंगळवारी ताराबाई पार्कातल्या माझ्या या टेबलावर आम्ही दोघे स्तब्ध बसून एका अदृश्य उजेडाची राखण करीत आलो. माझ्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ आणि अखंड असा संबंध तो, आणि त्यात स्पर्श निषिद्ध होता, ही गोष्ट संतवाङ्मयाच्या एखाद्या अभ्यासकाला समजली असती तर त्याने तिच्यावरून पदवी मिळवली असती. मी मात्र त्यातून काही निष्कर्ष काढला नाही. मी फक्त मंगळवारी सकाळी टेबल पुसून ठेवीत असे.

विजयसिंहांनी पिशवीतून एक पांढरा खोका काढून त्या पुसलेल्या टेबलावर ठेवला. "ही तुमची. तिनंच दिली. शुक्रवारपत्तोर बघा, पटली तर ठेवा, न्हाय तर परत. लई भारी हाय मॅडम. बोललेलं आपसूक लिवती, मराठीत. खाचराच्या बांधावर हुभं ऱ्हायलं की कुठल्या बांधावर हाय ते बी सांगती."

"आणि आपल्या नोंदी?"

"समद्या आत हाईत. स्नेहलनं कुठनं तरी जुनी वायर पैदा केली, माझ्या डबीतनं काढलं, देवनागरीत केलं. तिनं तुमची ती लिपी एका दिवसात सोडवली."

एका दिवसात. "मला विचारले नाही," मी म्हणाले.

"माझ्या डबीतलं काढलं की. त्यात तुमचं बी हुतंच. दोघांत सारखंच न्हवं का समदं?" हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटले, की रागाला उभे राहायला जागा उरली नाही. मग त्यांनी चहा घेतला, पण भेट झाली नाही, कारण नव्या यंत्राला समोर कुणी लागत नाही. आपण झोपलेले असताना ते सगळ्यांचे सगळ्यांना पोचवून मोकळे होते. सव्वा तासाने ते उठले. स्नेहलबरोबर शाहूवाडीला जायचे ठरवायचे होते.

स्नेहल आमची विद्यार्थिनी. चौतीस वर्षांची, शेतांच्या नकाशांचा एक मोठा प्रकल्प चालवते, आणि तिच्याविषयी वाईट बोलावे असे तिने काही केलेले नाही, हा तिचा दोष मी कधीही विसरत नाही. दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, एक छोटी अडचण आहे. ऐकणाऱ्याचा रकाना सहा हजार चारशे बारा ठिकाणी रिकामा आहे. सर म्हणाले, रिकाम्या त्या मॅडमच्या."

"बरोबर आहे."

"मग तुम्ही एकदा हो म्हणा, सगळ्यांवर एकदम तुमचं नाव चढवते. शनिवारी नकाशा सगळ्यांसाठी खुला होतोय. नाव नसेल तिथं 'ऐकणारा अज्ञात' असं येईल. ते कसं दिसेल?"

कसे दिसेल, ते मला दिसत होते. माझी वीस वर्षे 'अज्ञात' या शीर्षकाखाली, आणि त्यांच्या शेजारी, नीट, जागच्या जागी, विजयसिंहांचे आद्याक्षर. एका होकाराचा प्रश्न होता. मी म्हणाले, "शुक्रवारी सांगते." हे का म्हणाले ते मला ठाऊक नाही, बहुधा तिने विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर द्यायचे नाही, एवढ्याच कारणाने.

बुधवारी सकाळी खोका उघडला. यंत्र हातात हलके होते, आणि त्याचा हलकेपणा मला अपमानासारखा वाटला. जुनी डबी शेजारी ठेवली होती, वायरीच्या टोकाला. नव्या काचेवर माझे शब्द देवनागरीत उभे होते: पाठमोडी, रुसवी, कावळ्याचं टेक, सवतीची पट्टी. मी त्यांना प्रथमच त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत पाहत होते आणि ते मला ओळख देत नव्हते. मग मी वाटबघीपाशी गेले, कारण दुसरीकडे जाणे मला शक्यच नव्हते.

माझा जो एक निबंध लोकांनी वाचला, तो वाटबघीवर आहे. पुरुष शेताला मालकीवरून नाव देतात आणि बायका अंगावरून, एवढेच त्याचे म्हणणे; परंतु त्याच्या मध्यभागी आजऱ्यापलीकडच्या एका गावातली चिमणाबाई नावाची म्हातारी आहे, आणि तिचे एक वाक्य, जे नंतर इतरांनीही उद्धृत केले. त्या दिवसाची माझी आठवण माझ्या इतर आठवणींसारखी नाही. इतर आठवणी कागदी आहेत, ही ओली आहे. लावणी चालू होती. मी बांधावर चपला काढल्या आणि खाचरात उतरले. वरचे पाणी कोमट होते, खालचा चिखल गार, आणि पोटरीवर जिथे एक संपून दुसरे सुरू होत होते तिथे एक रेघ होती, दोरा बांधावा तशी. चिमणाबाई इरल्याखाली वाकलेली, माझ्याकडे पाठ करून, रोपे टोचीत, न वळता सांगत होती: ही पाठमोडी, ती रुसवी, आणि वरचं ते निमुळतं, ती वाटबघी. का म्हणून विचारले तेव्हाही ती वळली नाही. "हितनं घाटाची वाट दिसती. भाऊ न्यायला यील म्हणून बघत बघत लावायचं. हितली लावण कुणाचीच सरळ न्हाय." हे वाक्य मी व्याख्यानांत म्हटले आहे, आणि प्रत्येक वेळी ते म्हणताना माझ्या पोटरीवरची ती रेघ जागी झाली आहे. विजयसिंहांनी सहस्र नोंदी ऐकल्या असतील. असे वाक्य त्यांना कुणी दिले नाही, हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. ते मला पुरत असे.

नव्या यंत्राने प्रत्येक नोंदीखाली तिची जन्मतारीख लिहिली होती. जुन्या डबीतही ती होती म्हणे, पण काचेवर येत नसे. वाटबघी: रविवार, १० जुलै २०११. ऐकणारा: रिकामा.

तारीख मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना माझा उजवा पाय खाजू लागला. २०११ च्या जूनअखेर विभागाच्या जिन्यावरून मी पडले होते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्या उबट चुन्याच्या आत खाज सुटायची आणि मी लोकरीची लांब सुई घालून ती गाठायचा प्रयत्न करायची. सुई पोटरीच्या अलीकडेच थांबायची. त्या सहा आठवड्यांत मी पलंगावरून खिडकीपर्यंतही गेले नव्हते. ज्या पोटरीला गार चिखल आठवतो ती पोटरी त्या रविवारी चुन्यात होती. मी दुसऱ्या नोंदी पाहिल्या. पाठमोडी, रुसवी, आणखी चाळीस, सर्व त्याच गावच्या, त्याच रविवारच्या, सर्व रिकाम्या. एकूण त्रेचाळीस. विजयसिंहांनी मंगळवारी येऊन पलंगाच्या कडेला त्यांची डबी माझ्या डबीसमोर धरली असणार आणि त्या अदृश्य उजेडातून सगळे माझ्याकडे आले असणार. शब्द येणे समजू शकते. पाण्याचे तापमान कसे आले?

माणूस स्वतःला चोर ठरवण्यापूर्वी दुसरा चोर शोधतो. माझ्याइतके वाचलेला माणूस तर तो संदर्भासहित शोधतो. पहिला विचार असा आला, की विजयसिंह त्या रविवारी एकटे नव्हते. एकटे असते तर आद्याक्षर घातले असते. त्या बाबतीत ते तराजूसारखे होते. ऐकणारे दुसरे कुणी तरी होते आणि त्याचे नाव त्यांनी घातले नाही, म्हणजे लपवले. आणि त्या पावसाळ्यात स्नेहल बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, उत्साही होती, पिशव्या उचलायला येत असे. बुधवारची उरलेली दुपार मी त्या दोघांना एका बांधावर उभे करण्यात घालवली. मी तिच्या हातात माझी डबी दिली. माझ्या खाचरात तिला उतरवले, तिची पोटरी ओली केली. विजयसिंह तिला माझी लिपी शिकवत होते. एका दिवसात सोडवली म्हणे! चौदा वर्षांपूर्वी शिकवली असेल तर एक दिवस तरी कशाला लागावा? मत्सराला पुरावा लागत नाही असे म्हणतात ते खोटे आहे. त्याला पुरावा लागतो, फक्त तो स्वतः पिकवतो. मी प्रेमाविषयी हा विचार करीत नव्हते. साठीला आलेल्या बाईने सहासष्ट वर्षांच्या निवृत्त माणसाविषयी तसा विचार करणे हास्यास्पद, आणि मी हास्यास्पद नाही. मला एवढेच हवे होते की समोरासमोर ठेवलेल्या त्या दोन डब्यांच्या मध्ये तिसऱ्याचा हात आलेला नसावा.

गुरुवारी सकाळच्या बसने मी पेठ वडगावला गेले. विजयसिंहांच्या घरी मी वीस वर्षांत तीनदा गेले असेन, दोनदा मुलांच्या लग्नांना. दारात त्यांच्या पत्नी शालूबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या, आणि सोप्यात त्या घनसाळचा वास भरला होता. त्यांना मी आजवर डब्याच्या झाकणावर कोरलेल्या नावावरून ओळखत आले होते. क्षेत्रकार्याच्या दिवशी विजयसिंह जो डबा आणत त्यात माझ्यासाठी दोन भाकरी जास्त असत.

"या की मॅडम. वाट चुकला व्हय? हे न्हाईत, सकाळीच स्नेहलसंगं शाहूवाडीला गेलं."

"मला तुम्हालाच विचारायचे आहे." बसमध्ये मी प्रश्न तीन प्रकारे बांधला होता, तिन्ही मोडले. "ज्या वर्षी माझा पाय मोडला, त्या पावसाळ्यात सर आजऱ्याकडे गेले होते. त्यांच्याबरोबर कोण होते?"

"कोण असणार? मी हुतो. माझं माहेर न्हवं का ते." सूप थांबले नाही. "तुमचा पाय मोडला आणि हे हितं तोंड पाडून बसलं. काम थटलं म्हणत. मी म्हटलं, आईला समदी खाचरं तोंडपाठ हाईत, चला रविवारी. तुमी लिवलंय की आईवर. चिमणाबाई. ह्यांनी वाचून दाखवलंतं मला."

चिमणाबाई त्यांची आई. विजयसिंहांनी हे मला सांगितले नव्हते, की सांगितले होते? शालूबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. "सांगितलंतं म्हणाले हे तुमाला," त्या म्हणाल्या. "तुमी आजारी हुता, ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

"मग त्या नोंदींवर सरांनी स्वतःचे नाव का घातले नाही?"

"त्यांनी ऐकलं कुठं? जावयाम्होरं सासू तोंड उघडती व्हय? हे यायलेत म्हटल्यावर आई पाठमोरी झाली ती शेवटपत्तोर. ह्यास्नी ठिवलं पार वरच्या बांधावर, छत्री धरून. आई खाचरात, मी तिच्यामागं खाचरात. ती हळू सांगायची, मी वरडून वर पोचवायचो, हे लिवायचं. घसा बसलता माझा चार दिस." त्या हसल्या. "शेवटाला ह्यांनी इचारलं, ऐकणारी म्हणून तुझं नाव घालू का? मी म्हटलं, नगं. तुमच्या दोघांच्या डबीत माझं काय काम? ऱ्हाऊ द्या मोकळं."

म्हणून ती वळली नव्हती. तेरा वर्षे माझ्या निबंधात चिमणाबाईच्या त्या पाठीचा अर्थ लावलेला आहे, एक पूर्ण परिच्छेद, श्रम आणि पराङ्मुखता यांवर. ती जावयापुढे पाठमोरी होती, इतकेच. मी विचारले, आणि माझा आवाज मला परका वाटला, "पाणी कसे होते?"

"कुठलं?"

"खाचरातले. त्या दिवशी."

"वर ऊन ऊन आणि खाली गार. मी घरी आल्यावर ह्यांना म्हटलं बी, तुमच्या त्या डबीत हे का न्हाय लिवत? पोटरीला रेघ पडती म्हटलं. लई दिसांनी उतरलोतो मी चिखलात." त्यांनी सूप खाली ठेवले. "सांगितलं का काय ह्यांनी तुमाला ते बी?"

"सांगितले असावे."

"सांगणारच. हितलं समदं तिकडं जायचंच की मंगळवारी." मग त्या मला काही तरी क्षमा करीत असल्यासारख्या सुरात म्हणाल्या, "खरं सांगू का मॅडम? मंगळवारी माझी भाकरी करपायची. हे न्हाऊन, पावडर लावून, डबी पुसून निघायचं. तुमचं दोघांचं काय वंगाळ हुतं असं न्हवं, ते मला म्हाईत हुतं. वंगाळ असतं तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो."

"आणि आता?"

"आता तुमचा राग न्हाय. आता स्नेहलचा येतोय."

आम्ही दोघी हसलो. माझे हसू त्यांच्या हसण्याइतके लांब टिकले नाही. त्या घरात एक बाई माझा मत्सर करीत होती, आणि मला ते ठाऊक असते तर मी किती सुखी झाले असते, हा विचार माझ्या मनात निर्लज्जपणे येऊन बसला. पण तो लगेच पालटला. ती माझा मत्सर करीत होती तेव्हा मी तिची पोटरी वापरत होते. सर्वांपुढे, ध्वनिक्षेपकावर.

"शालूबाई, रिकामा रकाना म्हणजे माझी नोंद असा नियम होता," मी म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती. "त्या त्रेचाळीस माझ्या नावावर गेल्या आहेत."

त्यांनी हिशेब लावायला वेळ घेतला. मग त्या म्हणाल्या, "मोकळं म्हंजी तुमचं व्हय? ते न्हवतं म्हाईत मला. म्हाईत असतं तर घातलं असतं की नाव."

"आता घालू?"

"घाला. पर आधी ह्यास्नी इचारत बसू नगा."

निघताना त्यांनी किलोभर तांदूळ कागदात बांधून दिला, आणि मी तो नाकारू शकले नाही.

शुक्रवारी दहा वाजता स्नेहलचा फोन आला. विजयसिंहांचा वेगळा येऊन गेला होता. बायकोने त्यांना सर्व सांगितले होते आणि ते विचारत होते, की एवढ्यासाठी उन्हात बसने कशाला गेलात, मला विचारायचं. मी त्यांना विचारले, "तुम्ही मला त्या दिवशी पाण्याविषयी सांगितले होते?" ते म्हणाले, "सांगितलं असंल, मॅडम. तुमी पडून हुता, खिडकीकडं बघत. काय तरी बोलाय पायजे म्हणून बोलत हुतो." एखादी भेटवस्तू दिल्याचेही ज्याला आठवत नाही त्याच्यावर रागावता येत नाही, हे त्या वाक्याने मला शिकवले, वाचनातून ते आले नव्हते.

"काय ठरलं मॅडम?" स्नेहलने विचारले. "यंत्र ठेवताय ना?"

"ठेवते. त्रेचाळीस नोंदींवर शालूबाईंचे नाव घाल. यादी पाठवली आहे."

"शालूबाई, म्हणजे सरांच्या?"

"ऐकणारी शालूबाई. सरांच्या वगैरे काही नको."

"बरं. बाकी सगळ्यांना हो ना?"

"नाही. बाकीच्या मी एकेक करून पाहते."

"मॅडम, सहा हजारांवर आहेत. उद्या नकाशा खुला होतोय. तोवर 'अज्ञात' दिसेल."

"दिसू दे."

फोन ठेवल्यावर मी जुनी डबी वायरीतून सोडवली. तिचा पडदा लगेच मावळला. नवे यंत्र टेबलावर मध्यभागी ठेवले. त्याच्या समोर काही ठेवायचे नव्हते, तरी मी वीतभर जागा सोडली, आणि सोडली म्हणून स्वतःवर चिडून ते पुढे ओढले. स्नेहलने काम लगेच केले होते. काचेवर आजऱ्याकडचे ते गाव उघडले तर तिथे पाठमोडी, रुसवी, वाटबघी, आणि प्रत्येकीपुढे शालूबाई. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला विजयसिंहांनी नंतर गोळा केलेल्या नोंदी, प्रत्येकीपुढे त्यांचे आद्याक्षर. माझ्या लिपीतून, माझ्या रकान्यांतून, वीस वर्षांनी नवराबायको शेजारी शेजारी येऊन उभे होते, दोघेही आपापल्या जागी, दोघेही खात्रीचे. त्यांच्या भोवती, वर, खाली, शाहूवाडीपर्यंत सगळीकडे अज्ञात पसरले होते.

मी पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली. २००५, नोव्हेंबर, शाहूवाडीकडचे एक गाव. खाचराचे नाव भिजकं टेक. सांगणारी बायडाबाई. तारीख माझ्या बाजूची होती, त्या दिवशी मी तिथे होते, रजेचा अर्ज सापडेल. बायडाबाई मला दिसली. तिच्या दातांवर मिस्री होती, ती खळ्याच्या कडेला उकिडवी बसली होती आणि बोलताना डाव्या हाताने एक वासरू हुसकत होती. नाव उच्चारताना तिने शेवटचा स्वर कसा ओढला तोही कानात जसाच्या तसा होता. यंत्र ऐकणाऱ्याच्या रकान्यावर थांबून राहिले होते.

मला तो आवाज स्पष्ट आठवत होता. इतका स्पष्ट, की मी रकाना तसाच सोडला आणि दुसरी नोंद उघडली.